मधला पुठ्ठा

सिस्टरच्या पायऱ्यांवर आम्ही एकमेकांवर आदळलो. मी उतरत होते, तो चढत होता. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला, आणि दोघांचाही हात त्या कठड्यावर एकाच जागी पडला. नुकतीच एक सर येऊन गेली होती. लोखंडावरून ओघळलेलं पाणी आमच्या बोटांमधून वाट काढत खाली गेलं. त्याने हात काढला नाही. मीही नाही. मी हट्टी म्हणून, आणि तो… गोंधळला की तो हलायचंच विसरतो, हे मला नंतर कळलं.

"काय झालंय तुम्हाला?" मी विचारलं. प्रश्न रीतसरच होता. सिस्टर रंगाच्या कारखान्याच्या दवाखान्यात नोकरीला होत्या, आणि संध्याकाळी आजूबाजूची माणसं त्यांच्या घरी इंजेक्शन टोचून घ्यायला यायची.

"कुत्रं… चावलं," तो म्हणाला. त्या दोन शब्दांमध्ये एक कुत्रं झोपून उठलं असतं एवढी जागा होती.

"कुठे?"

त्याने आधी डाव्या पायाकडे पाहिलं, मग उजव्या. "इथंच. आसपास."

मला हसू फुटणार होतं ते मी गिळलं. त्याने विचारलं, "आणि तुम्हाला?"

"मलाही कुत्रंच."

"तेच?"

"वर्णनावरून तेच वाटतंय."

मग तो हसला. हसताना आधी डोळे हसायचे आणि तोंड मागाहून यायचं. मी बाजूला होऊन वाट दिली आणि गल्लीच्या टोकापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. टोकाला पाहिलं. तो अजून तिथंच उभा होता, कठडा धरून.

खोटं आम्ही दोघंही बोललो होतो. मी आले होते बातमीसाठी. माझ्या मामाचं साप्ताहिक होतं, आठ पानी, आणि त्यात मी बातम्या लिहिणं, प्रूफं तपासणं आणि अंक घरोघरी टाकणं असं सगळंच करायचे. माझा थोरला भाऊ त्या रंगाच्या कारखान्यात निळ्या शेडमध्ये कामाला होता. दादाचा रुमाल निळा, नखं निळी, आणि खोकून थुंकला की तेही निळं. वहिनी रुमाल वेगळा धुवायची. कारखान्याचा दवाखाना सगळ्यांना एकच सांगायचा, साधी सर्दी आहे, बरी होईल. दादा म्हणायचा, "आपली सर्दी पक्की नोकरीवाली आहे, रजा घेत नाही." असं म्हणून हसायचा, आणि हसण्यातून खोकला सुरू व्हायचा.

त्या संध्याकाळी सिस्टरनी मला सांगितलं होतं की त्या शेडमधले अजून कोणकोण खोकतात, आणि त्यातले कोण तोंड उघडायला तयार आहेत. पण शेडमध्ये नेमकं येतं काय, कुठून येतं, हे विचारलं तर म्हणाल्या, "मला एवढंच ठाऊक." त्यांचा चेहरा तसं सांगत नव्हता. पण मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले तर कुत्रं चावलेला माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला.

हे टेबल समजून घ्यायला हवं. गावात छोटी पत्रं छापणारा छापखाना एकच. मामाचं साप्ताहिक आणि त्याच्या विरोधातलं बाईंचं साप्ताहिक एकाच दिवशी, एकाच यंत्रावर छापलं जायचं. विरोधातलं म्हणजे काय, तर दोघंही मजुरांच्या बाजूचे, दोघंही मालकांचे वैरी, दोघांनाही जाहिराती मिळत नव्हत्या. पूर्वी दोघांचं पत्र एकच होतं. मग एका मोठ्या संपात संघटनेच्या आतच भांडण झालं. मामा म्हणाला, छापू. बाई म्हणाल्या, संप मिटेपर्यंत थांबू. दोघांचंही काही चुकलं नव्हतं, म्हणून दोघांनीही एकमेकांना कधी माफ केलं नाही. तेव्हापासून आमच्या शेवटच्या पानावर बाईंना टोले आणि त्यांच्या शेवटच्या पानावर मामाला. वाचक आधी शेवटचं पान उघडायचे. मालकलोक मजेत होते. आम्हाला मारायला त्यांना गोळी खर्चावी लागत नव्हती, आम्हीच एकमेकांची नरडी धरून बसलो होतो.

तर छापखान्यात प्रूफं तपासायला टेबल एकच होतं. छापखानेवाल्या काकांनी त्याच्या मधोमध एक जाड पुठ्ठा उभा ठोकला होता. अलीकडे आम्ही, पलीकडे बाईंची माणसं. एकमेकांचं प्रूफ पाहायचं नाही हा काकांचा कायदा. मात्र पुठ्ठा वरून शाईच्या ओल्या हातांनी दाबून दाबून वाकला होता, आणि त्या वाकलेल्या जागेतून समोरच्याचं कपाळ, डोळे आणि मनात आणलं तर कागदही दिसायचा. उलटा.

"इंजेक्शन लागू पडलं?" मी पुठ्ठ्याला विचारलं.

पुठ्ठ्यामागे पेन थांबलं. "दुखतंय अजून. तुमचं?"

"माझं कुत्रं तुमच्यापेक्षा सभ्य निघालं. बाईंकडे नवीन का?"

"वर्ष होत आलं. मी… बाहेर फार दिसत नाही."

"लिहिताना मात्र दिसता. गेल्या अंकात मामाला 'गंजलेली तोफ' तुम्हीच म्हणालात ना?"

"आवडलं?"

"तोफ गंजली तरी तोफच असते. बाईंना मी टिकली म्हटलं होतं, फटाक्यातली. ते लक्षात ठेवा."

काका यंत्राला तेल घालता घालता म्हणाले की आता फक्त हार आणायचे बाकी आहेत. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. त्याच्याकडून काम हळू व्हायचं, बोलणं त्याहून हळू, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं गोगलगाय. पोटात पाय असतात म्हणतात ना तिच्या, तशातला मला तो वाटला. मी प्रूफावर वाकून वाकून चुका टोचते म्हणून त्याने माझं ठेवलं टाचणी.

ते दिवस आठवले की आधी वास येतो. ओल्या शाईचा, रॉकेलचा, तापलेल्या यंत्राचा. शाई काढायला रॉकेलात बुडवलेली चिंधी लागायची. ती काकांकडे एकच होती. ती पुठ्ठ्यावरून इकडे यायची, तिकडे जायची. एकदा ती देताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं आणि दोघांच्याही बोटाला नवी शाई लागली. मी ती त्या दिवशी धुतली नाही. त्यात वेडेपणा होता हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि मी उलटं वाचायला शिकले. त्यानेही शिकून घेतलं होतंच. त्याच्या कागदावर मला पिंपांविषयी दिसू लागलं. मागच्या दाराने येणारी पिंपं, नाव खरवडलेली. ती निळ्या शेडमध्ये रिकामी होतात. पावडर कसली, बंदी घातलेली का, सगळं. पण त्यात माणूस एकही नव्हता. माझ्या कागदावर माणसंच माणसं होती, दादासकट. त्यात पिंप नव्हतं.

मला रात्रभर झोप लागायला नको होती, पण लागली, आणि सकाळी मी मामाला विचारलं, बाईंकडच्या माणसाशी बोलू का? मामा चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला की त्या बाईच्या पायरीवर जाण्यापेक्षा तो पत्र बंद करून भाजी विकेल. मी म्हटलं दादाचा विचार कर. तो म्हणाला, "दादासाठीच सांगतोय. अर्धवट छापलं की काय होतं ते पाहिलंयस ना?"

पाहिलं होतं. आदल्या वर्षी मी निळ्या शेडवर लिहिलं होतं. कारण ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं 'धूळ' लिहिलं. पुढच्या आठवड्यात बाईंच्या शेवटच्या पानावर आलं: 'शेजाऱ्यांना शिंक आली, गावाला साथ आली.' खाली नाव नव्हतं. कारखान्याने तो तुकडा कापून फाटकावरच्या फळीला चिकटवला. मजुरांच्या बाजूचं पत्रच म्हणतंय की काही नाही, मग आणखी काय हवं? दादा रोज त्या तुकड्याखालून कामावर जायचा.

अंक निघाल्यावर छापखान्याच्या बाहेर चहा प्यायची आमची सवय झाली होती. दोन वेगळ्या बाकांवर बसून, पण एकाच वेळी. त्या दिवशी तो माझ्या बाकावर येऊन बसला. पाऊस भुरभुरत होता. त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब होते आणि मी ते पाहत होते, याचा मला रागही येत होता.

"टाचणी," तो म्हणाला, "तुझ्याकडे माणसं आहेत. माझ्याकडे पिंपं आहेत." पहिल्यांदाच तो मला तू म्हणाला.

"म्हणजे तू उलटं वाचतोस."

"तूही."

"मग?"

त्याने पेला खाली ठेवला. बराच वेळ तो त्या पेल्याशीच बोलला. म्हणाला, आधी एक सांगायचंय, ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं बरोबर नाही. तो बाईंकडे आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला शेवटचं पान भरायला दिलं होतं. शेजाऱ्यांवर काहीतरी खुसखुशीत लिही म्हणाल्या. त्याने लिहिलं. "शिंक… माझी होती."

मी उठले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर रडले असते. "तुझ्या त्या ओळीखालून माझा भाऊ रोज कामाला जातो," मी म्हटलं, "आणि निळं थुंकत परत येतो. खुसखुशीत झाली होती ओळ. शाबास." चहा तसाच टाकून मी भिजत घरी गेले. सगळ्या पुरोगामी शहाण्यांना, मामासकट, त्या वाटेवर मी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या एखाद्या गिरणीमालकालाही कधी घातल्या नव्हत्या.

दोन दिवस मी छापखान्यात फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी दादा कामावरून हसत आला. हसतोय, खोकतोय, पाणी पितोय, पुन्हा हसतोय. वहिनीने पाठ चोळली तेव्हा कुठे त्याला बोलता आलं. फाटकावर आज भरदुपारी एक येडा आला होता. फळीवरचा तो कागद नखांनी खरवडत होता. पहारेकऱ्याने कॉलर धरली आणि विचारलं, हा काय प्रकार आहे? तर म्हणतो, मीच लिहिलंय, चुकीचं आहे, मला परत न्यायचंय. "अगं, पहारेकरी म्हणाला पाण्याने भिजव, पटकन निघेल. तर म्हणतो, नको, लवकर निघायला नकोय. कुठला गं हा नमुना? ओळखतेस?"

"नाही," मी म्हटलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि दादाला म्हणाली, "ओळखते."

मी तडक सिस्टरकडे गेले. वरच्या पायरीवर तोच बसला होता, नखं फुटलेली. सिस्टर त्याच्या बोटांना आयोडीन लावत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "ये. आज खरंच चावलेलं दिसतंय."

मी काही विचारायच्या आतच त्या बोलल्या, आणि ते मी अजून जसंच्या तसं ऐकू शकते. "गेल्या वर्षी मी सगळं तुमच्यातल्या एकाकडे दिलं असतं ना, तर दुसऱ्याने ते खोटं पाडलं असतं. तुमची धूळ पाडलीच की नाही? म्हणून या वेळी फोडून दिलं. माणसं तुझ्याकडे, पिंपं याच्याकडे. दवाखान्यातल्या माझ्या खिडकीतून दोन्ही दिसतात. पण नोकरी मी एकदाच घालवणार, आणि तुमच्या शेवटच्या पानासाठी तर मुळीच घालवणार नाही." मग आयोडीनची बाटली बंद करत त्या म्हणाल्या, "आता एकत्र बसा दोघं, पण दुसरीकडे. माझी पायरी मोकळी करा."

त्याने वर पाहिलं. डोळे हसायला लागले आणि अर्ध्यात थांबले. माझी परवानगी नव्हती ना. मी वळून चार पायऱ्या खाली उतरले आणि म्हणाले, "येतोस का, की गोगलगायीसाठी बैलगाडी सांगू?"

छापखान्यात पोचल्यावर त्याने काकांकडे पक्कड मागितली. टेबलावरच्या पुठ्ठ्याचे खिळे तो एकेक करून काढू लागला. काका पाहत राहिले. पुठ्ठा निघाला तेव्हा खालच्या लाकडावर एक उजळ पट्टा उमटलेला दिसला, इतकी वर्षं तिथे शाईच पोचली नव्हती. आम्ही त्या पट्ट्यावर मधोमध कागद ठेवला आणि एकत्र लिहायला बसलो. एकेका वाक्यावर भांडलो. त्याला प्रत्येक गोष्टीला 'बहुधा' लावायचं होतं, मला प्रत्येक गोष्टीला 'हरामखोर'. शेवटी दोन्ही गेले आणि नुसतं जे होतं ते उरलं. तसं लिहिणं मला आधी येत नव्हतं. त्यालाही नाही.

मामा आणि बाई यांना काकांनी बोलावून घेतलं, वेगवेगळी कारणं सांगून. मामाला सांगितलं यंत्र बिघडलंय, बाईंना सांगितलं कागद आलाय. दोघं दारात एकदमच पोचले. मामा म्हणाला, मी नंतर येतो. बाई म्हणाल्या, तसे ते नेहमी नंतरच येतात. मग जे सुरू झालं त्यात तो जुना संप, ते जुनं पत्र, कोण कुणाच्या आजारपणात भेटायला आलं नाही, सगळं निघालं. मी आणि गोगलगाय भिंतीला टेकून उभे होतो. त्याने हळूच माझी करंगळी धरली. मी धरू दिली. समोर वीस वर्षांचं भांडण पेटलेलं आणि माझं लक्ष एका बोटात.

शेवटी मुद्द्याला आले. बातमी कुणाच्या पत्रात? मामा म्हणाला, माझी भाची. बाई म्हणाल्या, पिंपं आमची. मी पुढे झाले. "दोन्ही पत्रांत. एकाच दिवशी, अक्षर न् अक्षर तेच. एकाकडेच छापलं तर कारखाना दुसऱ्याकडे बोट दाखवणार. दोघांनी तेच छापलं तर बोट कुणाकडे दाखवणार?"

काका म्हणाले की त्यांना काय, उलट सोपंच. पानाचा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या टाइपांची चौकट, एकच ठेवायचा, छापून झालं की वरचं पत्राचं नाव तेवढं बदलायचं. "धड एक, डोकी दोन. तुम्हा दोघांचं तसंही तेच होतं." हे मामाकडे आणि बाईंकडे पाहून. बाईंनी पदर सारखा केला. मामाने पुन्हा चष्मा पुसला, आणि या वेळी जरा जास्तच वेळ पुसला.

"नाव कुणाचं आधी?" मामाने बारीक आवाजात विचारलं. लेखकांच्या नावांबद्दल बोलत होता तो, म्हणजे माघार घेत होता.

"तुमच्या अंकात आमच्या पोराचं आधी," बाई म्हणाल्या, "आमच्यात तुमच्या पोरीचं."

तसंच निघालं. लोकांनी आधी शेवटचं पान उघडलं, दोन्ही अंकांत तिथे टोले नव्हते, तेव्हा चक्रावून पहिलं पान पाहिलं. दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून लोक ओळी जुळवत होते. कारखान्याच्या फाटकावर त्या आठवड्यात काही चिकटलं नाही. तपासणीला माणसं आली, पिंपं निघाली, निळी शेड बंद झाली. दादाला माल बांधायच्या कामावर घेतलं. सिस्टरना संशयावरून काढून टाकलं. त्या म्हणाल्या, हिशेबात धरलं होतं, आणि गल्लीतच स्वतःचा छोटा दवाखाना काढला.

विजय वगैरे शब्द मी वापरत नाही. शेड बंद झाली, दादाचा खोकला नाही. तो पुढेही बरीच वर्षं खोकला, आणि त्या खोकल्यासकट आमच्या सगळ्यांची टिंगल करत राहिला.

त्या अंकानंतरच्या दुपारी छापखान्यात आम्ही दोघंच टेबलाशी होतो. चिंधी मधे. बाहेर पुन्हा पाऊस. त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि नेहमीसारखं उघडंच राहिलं.

"काय दिसायचं रे तुला," मीच म्हणाले, "पुठ्ठ्यावरून, उलटं?"

"आधी बातमी बघायचो."

"मग?"

"मग… बोटं. तू ओळ वाचताना बोट सरकवतेस ना. ओळ संपली की क्षणभर उचलतेस. मी त्या उचलण्याची वाट बघायचो." तो चिंधीचं टोक पिळत होता. "बाई म्हणतात तू आमच्याकडे यावंस. मीही… म्हणजे मला वाटतं… एकत्र…"

"लग्नाचं विचारतोयस की नोकरीचं?"

तो लाल झाला. "पहिलं. दुसरं बाईंनी सांगितलं म्हणून."

मला हो म्हणायला एक श्वासही लागला नसता. पण मी घेतला. "पहिलं हो," मी म्हटलं. "दुसरं नाही. पत्र माझं माझ्याकडे, तुझं तुझ्याकडे. मोठी लढाई आली की फर्मा एक. एरवी तू चुकलास तर मी छापणार, आणि नवरा म्हणून एक ओळ कमी करणार नाही."

त्याने विचार केला. हो, त्यावरही. मग आधी डोळे हसले.

"आणि शेवटचं पान?"

"ते बंद. टीका करायची तर पहिल्या पानावर, नाव घालून."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात जलद वाक्य होतं.

आता छापखाना नाही. काका गेले, यंत्र भंगारात गेलं, मामाही गेला. बाई शेवटपर्यंत आमच्या बैठकांना यायच्या, त्याच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या, तिथे बसायच्या मात्र नाहीत. आमच्यासारखी छोटी पत्रं आता बरीच एकमेकांचा फर्मा वापरतात, फर्मा नावाची वस्तू उरली नाही तरी. ते टेबल मी मागून घेतलं. ते आमच्या स्वयंपाकघरात आहे. मधला उजळ पट्टा आता काळपट पडलाय, चहाच्या पेल्यांची वर्तुळं आहेत त्यावर. तो पलीकडे बसतो, मी अलीकडे.

परवा तो बराच वेळ काहीतरी लिहीत होता आणि हाताने झाकत होता. इतक्या वर्षांनी झाकतोय म्हणजे माझ्यावरच असणार. होतंच. माझ्या पत्राने एका संपाबद्दल घाईने लिहिलं, असा आरोप. नाव घालून, पहिल्या पानासाठी. मी चहा ओतता ओतता सगळं उलटं वाचून काढलं. मुद्दा बरोबर होता. मला झोंबला.

"तिसऱ्या परिच्छेदात," मी पेला त्याच्याकडे सरकवत म्हटलं, "संपाची तारीख चुकलीय तुझी. नीट कर. नाहीतर लोक म्हणतील मुद्दाच खोटा आहे."

त्याने तारीख पाहिली, खोडली, नीट केली. मग हात कागदावरून काढून घेतला, आणि टेबलाच्या मधोमध, त्या पट्ट्यावर ठेवून दिला.